गुंडप्पा, धनिष्ठा नक्षत्र, काश्यप गोत्र

देवाकडं एका गिनी पिगसाठी काही मागावं का, असा प्रश्न साठीच्या घरात आल्यावर मला पडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो पडला, आणि चांगला जोरात पडला. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं. आमच्या घरचे सगळे हसून झालेत. मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. माझा देवावर विश्वास नाही असं नव्हे. सकाळी दिवा लावते, चतुर्थी करते, देऊळ दिसलं की हात जोडते. पण देवाला त्रास द्यायचा तर निदान कारण तरी त्याच्या तोलाचं असावं, असं मला वाटायचं. माणसांची एवढी दुखणी पडलेली असताना आपण उंदराच्या जातीतल्या एका जिवाचं गाऱ्हाणं घेऊन जायचं, हे मनाला काही पटत नव्हतं. आणि दुसरीकडं, का जायचं नाही, याचंही धड उत्तर सापडत नव्हतं.

हा जीव आमच्याकडं कसा आला ते आधी सांगते. माझ्या मुलानं नोकरी लागल्यावर त्याच्या फ्लॅटमध्ये गिनी पिगची एक जोडी पाळली होती. मग त्याला परदेशात काम मिळालं आणि "आई, थोडे दिवस सांभाळ" म्हणत तो पिंजरा आमच्या जे. पी. नगरच्या घरात ठेवून गेला. त्या थोड्या दिवसांची कितीतरी वर्षं झाली. जोडीतली मादी गेल्या वर्षी गेली, हा एकटा उरला. अंगानं गोल गरगरीत, म्हणून मुलगा त्याला गुंडू म्हणायचा; आमच्या या कानडी गावात गुंडू म्हणजे गोल, आणि प्रत्येक गल्लीत एक तरी गुंडू असतोच. पुढं त्याचं वय झालं तसं आमच्या ह्यांनी त्याला बढती दिली. "एवढा म्हातारा माणूस, त्याला गुंडू काय म्हणतेस? मान दे की जरा," म्हणाले आणि गुंडूचा गुंडप्पा झाला.

गुंडप्पाला काय नव्हतं ते विचारा. गिनी पिगचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजावे लागतात. याच्या दाढा वाकड्या वाढायच्या आणि जिभेला टोचायच्या, म्हणून दर काही आठवड्यांनी त्या घासून आणाव्या लागायच्या. मूत्राशयात खडे, त्यामुळं लघवी करताना बारीक कण्हायचा. मागच्या पायांचे सांधे धरलेले. सकाळी उठलं की त्याला तराजूच्या ताटलीत बसवायचं, दुखण्याचं औषध द्यायचं, खालचा टॉवेल बदलायचा, पोट धुऊन कोरडं करायचं. आमचे हे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या वर्कशॉपला निघता निघता दारातून म्हणायचे, "माझ्या आईचं एवढं केलं असतंस तर तिनं तुला सोन्यानं मढवलं असतं." मी म्हणायचे, "तुमच्या आईनं एकदा तरी माझ्या हातातून काकडी खाल्ली असती तर केलं असतं." असं आमचं चालायचं. पण खरं सांगायचं तर मला ते सगळं करताना कंटाळा कधीच आला नाही. मला त्याच्याबद्दल फार कुतूहल होतं. हा झोपतो तेव्हा डोळे उघडे कसे? फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी मारतो, मग कपाटाचं दार उघडलं की का मारत नाही? आणि एक गोष्ट तर मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली होती, ती याला सिमला मिरचीचा तुकडा भरवताना पहिल्यांदा अंगावर आली. बहुतेक प्राणी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. माणूस करू शकत नाही. आणि गिनी पिगही करू शकत नाही. आम्हा दोघांच्यात एकच गोष्ट कमी आहे, आणि दोघांनाही ती बाहेरूनच मागून घ्यावी लागते. हे मनात आलं आणि मी त्याच्याकडं किती तरी वेळ बघतच बसले.

तर हा गुंडप्पा एकदा दाढा घासून आणल्यानंतर खाईनाच. गवत पुढं ठेवलं तर तोंड फिरवायचा. कोथिंबीर नाही, काकडी नाही, त्याची जीव की प्राण सिमला मिरची नाही. या प्राण्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की सगळंच थांबतं. म्हणून पावडर पाण्यात कालवून, त्याची पातळ पेज सिरिंजनं गालात सोडायची, असं दिवसभर सुरू झालं. तो ती गिळायचा, पण कसा, तर कर्तव्य म्हणून. लहान प्राणी बघणारी आमची डॉक्टर तरुण मुलगी आहे, फार मायेची. तिनं पुन्हा तोंड तपासलं, फोटो काढले आणि म्हणाली, "आंटी, दात एकदम ठीक आहेत. खडा आहे तेवढाच आहे. आता तो का खात नाही, ते मला सांगता येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, सोमवारपर्यंत बघू या, तोवर स्वतःहून खायला लागला नाही तर त्याला असंच ओढत ठेवायचं का, याचा तुम्ही विचार करून या. तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला. घरी येताना रिक्षात पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प हळू घेऊ का अम्मा?" मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात गेले. मागायला नव्हते गेले. घरात बसवेना म्हणून गेले. आमच्या निपाणीकडं देवळात गेलं की नारळ ठेवायचा, नमस्कार करायचा आणि मनातलं मनात बोलून यायचं. तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. इथली रीत वेगळी. अर्चनेचं तबक पुढं केलं की अर्चक नाव विचारतात, नक्षत्र विचारतात, गोत्र विचारतात, आणि ते मंत्रात घालून देवासमोर मोठ्यानं म्हणतात. इतकी वर्षं इथं राहून मी ते ठरलेलं उत्तर देत आलेय, आधी ह्यांचं नाव, मग मुलाचं. त्या दिवशी अर्चकांनी "हेसरु?" म्हणून नाव विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "गुंडप्पा."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण अर्चकांना त्यात वावगं काय वाटणार? त्यांनी सरळ पुढचं विचारलं, "नक्षत्र?" आता गुंडप्पाचं नक्षत्र मी कुठून आणू? त्यांना अशा गोष्टींची सवय असावी. जुन्या काळच्या माणसांच्या जन्मवेळा कुणाला ठाऊक असतात? त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, नावात पहिलं अक्षर 'गु', म्हणजे धनिष्ठा. "गोत्र?" मी मान हलवली. "गोत्तिल्वा?" माहीत नाही का, असं विचारून तेच म्हणाले, "सरी, असू दे, काश्यप म्हणतो. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप." आणि वळून घंटेच्या नादात त्यांनी स्वच्छ आवाजात म्हटलं, काश्यप गोत्रात जन्मलेल्या, धनिष्ठा नक्षत्राच्या गुंडप्पाला, आणि पुढं क्षेम, स्थैर्य, आयुष्य वगैरे. माझ्या अंगावर काटा आला. हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. ही चेष्टा झाली की प्रार्थना, हे मला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं.

मागं रांगेत एक बाई उभ्या होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, बँकेत मोठ्या जागेवरून निवृत्त झालेल्या, हे मला नंतर कळलं. प्रदक्षिणा घालताना त्या माझ्या बाजूला आल्या आणि कानडीत म्हणाल्या, "घरी कुणी आजारी आहेत का?" मी म्हटलं, हो. "वय झालंय?" हो, पुष्कळ. "जेवतात का?" तेच तर नाही, दोन-तीन दिवस झाले, तोंडच लावत नाहीत. "दात?" दातांचाच तर जुना त्रास. "लघवी?" खडा आहे. "चालतात?" सांधे धरलेत. प्रत्येक उत्तर खरं होतं. कानडीत आदरानं बोलताना सगळेच 'ते' होतात, त्यामुळं मी कुठंही खोटं बोलले नाही, आणि तरी पायरीवर बसेपर्यंत आमच्या दोघींच्या मधे एक संपूर्ण म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते. त्यांनी सुस्कारा टाकला. "आमच्या यजमानांचं अगदी हेच," म्हणाल्या. त्यांचे यजमान आजारपणानंतर घरातच असतात. बऱ्याच गोष्टी विसरलेत, कधी कधी बायकोलाही. "या वयात त्यांचं नाव मी फक्त इथं घेते," त्या म्हणाल्या. "घरी कधी घ्यायची वेळच आली नाही. आता वाटतं, देवासमोर तरी रोज घ्यावं. न जाणो, ऐकू जाईल."

मी त्यांना तिथल्या तिथं सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण एकदा का एखादी बाई आपलं काळीज उघडून समोर ठेवते, तेव्हा "अहो, माझा म्हातारा पिंजऱ्यात असतो" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी ठरवून गेले, आज सांगायचंच. तर अर्चकांनी मला बघताच विचारलं, "गुंडप्पा कसे आहेत?" आणि न विचारता नाव, नक्षत्र, गोत्र म्हणून मोकळे झाले. अक्का पण होत्याच. मी त्यांना आता अक्का म्हणायला लागले होते.

शनिवारी मी रडकुंडीला आले होते. सिरिंजनं भरवलेलंही तो ओठांवरून ओघळू देत होता. अक्का म्हणाल्या, "एक विचारू? ते जेवतात तेव्हा तुम्ही कुठं असता?" मी म्हटलं, समोरच की. भरवत असते, बघत असते, तोंड हलतंय का, गिळतायत का. "आणि तुमचं जेवण?" ते नंतर, आत, टेबलावर. अक्का हसल्या. म्हणाल्या, मी पण असंच करायचे. चमचा घेऊन यजमानांच्या समोर पोलिसासारखी बसायचे. माणसाला तशी भूक लागते का? एक दिवस मलाच फार भूक लागली, मी त्यांच्या शेजारी खाली बसून आपली जेवायला लागले, त्यांच्याकडं बघितलंच नाही. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या ताटातला पापड उचलला. "एकट्यानं जेवत नाहीत हो ते. भरवू नका. आधी तुम्ही जेवा. जरा आवाज करत जेवा. आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडं बघू नका."

घरी येताना माझं डोकं काही वेगळंच काम करत होतं. गिनी पिग कळपात राहणारा प्राणी. कळपातला एक चावायला लागला की बाकीचे चावतात, कारण शेजारी निवांत खातोय म्हणजे भीतीचं काही नाही. मला हे ठाऊक होतं, मी हे वाचलेलं होतं. आणि त्याची जोडीदारीण गेल्यापासून हा मागच्या बाल्कनीत एकटाच खात होता. त्यात दाढा घासल्या, तोंड दुखलं, आणि त्यानंतर तर त्याच्या जेवणाचा म्हणजे एक दरबारच भरायचा. मी, सिरिंज, टॉवेल, आणि माझा हा एवढा मोठा काळजीनं भरलेला चेहरा, त्याच्या नाकासमोर.

रविवारी दुपारी मी बाल्कनीत चटई टाकली. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, बाहेर थोडं गवत पसरलं, आणि गुंडप्पाकडं पाठ करून ताट घेऊन बसले. भाकरी, झुणका, काकडी, मुळा, कांदा. मुद्दाम करकरीत असलेलं सगळं. आमच्या ह्यांनी दारातून बघितलं. "काय गं, भांडलीस काय माझ्याशी? इथं का बसलीस?" मी तोंडावर बोट ठेवलं. सगळं हळूच सांगितलं. आता हे हसणार, दोन टोमणे मारणार, अशी माझी खात्री होती. तर ते आत गेले, स्वतःचं ताट वाढून घेतलं, गुडघे कुरकुरत माझ्या शेजारी टेकले आणि मुळ्याचा एवढा मोठा घास घेतला की कचकच आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. आम्ही दोघं लग्नानंतर असं जमिनीवर शेजारी शेजारी बसून कधी जेवलो होतो, ते मला आठवेना. वर्कशॉपच्या गोष्टी निघाल्या, मुलाच्या निघाल्या, मी खरंच विसरून गेले की आपण इथं कशाला बसलोय.

आणि मग ह्यांनी बोलता बोलता माझ्या हातावर हात ठेवला. मागून बारीक आवाज येत होता. करकर, करकर. न थांबता येणारा. मी वळले नाही. देवाशपथ, मी वळले नाही, तशीच बसून राहिले आणि ताटात टिपं गळत राहिली. हे पण बोलायचं थांबले नाहीत. डोळे माझ्यावर आणि बोलणं आपलं लेथ मशीनचं, म्हणजे गुंडप्पाला काही वेगळं घडतंय असं वाटू नये. जेवण संपेपर्यंत त्यानं गवताच्या कितीतरी काड्या खाल्ल्या होत्या. उठताना मी नुसती कडेनं नजर टाकली, तर स्वारी काकडीच्या सालीकडं वळली होती.

सोमवारी आम्ही डॉक्टरकडं गेलो ते निर्णय सांगायला नाही, वजन करायला. तिनं पोटाला हात लावला, कान लावून ऐकलं आणि हसली. म्हणाली, दुखण्याच्या औषधाचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो, किंवा तोंडाची जखम भरली असेल, किंवा तुम्ही म्हणता तसं सोबत मिळाली म्हणूनही असेल. मला तिन्ही कारणं पटतात. मी विज्ञानाचीच बाई आहे. पण एका देवळात माझ्या तोंडून नको ते नाव जावं, त्याच वेळी मागं नेमक्या याच बाईनं उभं असावं, आणि तिनं नवऱ्यासाठी शोधून काढलेली गोष्ट माझ्या गुंडप्पाला लागू पडावी, हे कुणी जुळवून आणलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की मी नाही जुळवलं.

आता खरी परीक्षा पुढंच होती. गुंडप्पा जेवायला लागले हे ऐकून अक्कांना इतका आनंद झाला की त्या म्हणाल्या, मी भेटायला येते. मी घाईघाईनं काहीतरी पुटपुटले, पण त्या दुसऱ्याच दिवशी स्टीलच्या डब्यात गंजी, म्हणजे भाताची मऊ पेज, आणि मेतकूट घेऊन दारात उभ्या. "कुठं आहेत?" म्हणाल्या. मी त्यांना बाल्कनीत नेलं आणि पिंजऱ्याकडं हात केला. म्हटलं, "अक्का, हा गुंडप्पा. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला माफ करा."

अक्कांनी पिंजऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हातातल्या डब्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. मला वाटलं, आता या निघून जाणार, आणि त्यांचं बरोबरच असेल. यांचा जिवाभावाचा माणूस आणि माझं हे जनावर मी एका पायरीवर आणून बसवलं. मग त्यांनी डबा खाली ठेवला, भिंतीला धरून सावकाश चटईवर बसल्या आणि चष्मा पुसून पुन्हा घातला. "इवनेना?" म्हणाल्या. हाच का तो? गुंडप्पानं नाक वर करून त्यांच्या साडीचा वास घेतला. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मग मला म्हणाल्या, "मी रोज अर्चनेत आमच्या यजमानांच्या नावामागं याचं नाव सांगत होते. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, तुमच्या एकटीच्यानं होईल न होईल, दोघींनी सांगितलेलं बरं."

मी तिकडं जिभेला कुलूप लावून संकोचानं मरत होते, आणि इकडं एक परकी बाई स्वतःच्या नवऱ्याच्या जोडीनं माझ्या गुंडप्पासाठी, त्याच्या धनिष्ठा नक्षत्रासकट, देवासमोर उभी होती. मी तिच्यासाठी काय केलं होतं? तिच्या यजमानांचं नावसुद्धा मी नीट कान देऊन ऐकलं नव्हतं. मी विचारलं. "वासुदेव," त्या म्हणाल्या, आणि एखाद्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

अर्चकांना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. ते रागावतील, शांती करायला सांगतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी हातातली फुलं निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोत्र काश्यपच म्हटलं होतं ना मी?" हो. "मग तप्पिल्ल." चूक नाही. "कश्यप ऋषींपासून देव झाले, माणसं झाली, साप झाले, पाखरं झाली, चार पायांची जनावरं झाली. त्याचं तर तेच गोत्र. आपलंच आपण नंतर वेगवेगळं केलं." आणि ते आपल्या कामाला लागले. मला वर्गात शिकवलेलं क जीवनसत्त्व आठवलं. त्याच्यात आणि माझ्यात कमी असलेली ती एकच गोष्ट, आणि हे एकच गोत्र. मी ते त्यांना सांगणार होते, पण रांग लांब होती.

आज गुंडप्पा बरा झालाय असं मी म्हणणार नाही. दाढा वाढतात, घासून आणतो. खडा आहे तिथंच आहे. एखादा दिवस चांगला जातो, एखादा नाही, आणि एक दिवस तो जाणार आहे, हे मला माहीत आहे. अक्कांचे यजमान कधी त्यांना ओळखतात, कधी "तुम्ही कोण?" विचारतात. पण रोज त्या रांगेत उभं राहून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं आली नव्हती. अर्चक नाव विचारतात, नक्षत्र विचारतात, गोत्र विचारतात. तुम्हाला काय पाहिजे, हे काही विचारत नाहीत. हा कोण, कुणाचा, एवढं देवाच्या कानावर घालायचं आणि बाजूला व्हायचं. पुढच्याला जागा द्यायची. त्याच्याकडं टक लावून, झालं का, झालं का, म्हणत बसायचं नाही. मी देवासमोरही सिरिंज घेऊनच बसत आले होते की काय, असं मला आता वाटतं, आणि स्वतःचंच हसू येतं.

तर हल्ली संध्याकाळी माझी पाळी आली की मी सांगते, "वासुदेव, रोहिणी नक्षत्र, भारद्वाज गोत्र." मागून अक्का सांगतात, "गुंडप्पा, धनिष्ठा, काश्यप." घंटा वाजते, आम्ही तीर्थ घेतो, पायरीवर घटकाभर बसतो. मग दोघी आपापल्या घरी जातो आणि आपापल्या म्हाताऱ्याच्या शेजारी, त्याच्याकडं न बघता, जेवायला बसतो.